पवनचक्क्यांच्या मधून: साताऱ्याच्या सड्यावर कच्च्या रस्त्याची सायकल

औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, तेव्हा महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही सायकल चालवता म्हणे, पण हायवेला कधी दिसला नाहीत." दिसणार कशी? हायवे सोडून मला सात वर्षं झाली. एका ट्रकचा आरसा माझ्या उजव्या हाताच्या कोपराला चाटून गेला, शर्टाची बाही फाटली, आणि ट्रकवाल्याला बहुतेक कळलंही नाही. मी तशीच घरी आले, सायकल जिन्याखाली लावली आणि दोन महिने तिच्याकडे बघितलं नाही. नंतर पुण्याहून भाचा आला. "मावशी, ग्रॅव्हल कर," म्हणाला. मला वाटलं हा काहीतरी डाएट सांगतोय.

ग्रॅव्हल म्हणजे काय, तर जिथं डांबर संपतं तिथून पुढं जायचं. आमच्या साताऱ्यात त्याला नाव नाही, नुसतं "कच्च्यातनं जाणं" म्हणतात, आणि ते दूधवाले, धनगर, पवनचक्कीचे वायरमन रोज करतात. मी आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, वजन बासष्ट किलो, शर्यतीत कधी उतरले नाही. त्यामुळे हे वाचून कुणी वेगवान होणार नाही. पण गाड्या नसलेल्या डोंगरी रस्त्यावर सकाळी जाऊन दुपारी धड अंगाने परत कसं यायचं, एवढं मला येतं. तेवढंच लिहिते.

पहिली गोष्ट, आणि ही नवीन लोक विसरतात: रस्त्यावर गाडी नाही म्हणजे मदतीला येणारी गाडीही नाही. हायवेला पंक्चर झालं तर अर्ध्या तासात कुणीतरी थांबतं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, दोन तास कुत्रंसुद्धा येत नाही, आणि आलं तर ते मदतीला आलेलं नसतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं: टायर कुठला, पाणी किती, मागं कधी फिरायचं.

रस्ते कुठून आले

कच्चे रस्ते शोधायला नकाशावर तास घालवण्यापेक्षा ते कुणी, कशासाठी केले हे विचारलं की लवकर सापडतात. आमच्याकडे तीन प्रकार आहेत. एक, कालव्याच्या कडेचे. धोम धरणाचे कालवे वाईपासून खाली येतात, त्यांच्या बांधावरून पाटबंधारे खात्याच्या गाड्या फिरण्यासाठी मातीचा रस्ता असतो. चढ जवळजवळ नाही, कारण पाणी वाहतं तसाच रस्ता जातो. शिकायला याच्यासारखी जागा नाही. दोन महिने आठवड्यातून दोनदा तिथं घासा, मग डोंगराचं नाव काढा. दुसरा, जुन्या गाडीवाटा आणि पाणंदी. त्या छान असतात, पण मध्येच कुणाच्या तरी उसात संपतात.

तिसरा प्रकार माझा आवडता, पवनचक्क्यांचे रस्ते. साताऱ्याच्या नैर्ऋत्येला ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार आहे, आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याचं. तिथं ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्कीचं पातं म्हणजे भलं मोठं लांब धूड, ते वाकत नाही, दुमडत नाही. ते वर न्यायचं तर ट्रेलरला वळण रुंद लागतं आणि चढ बेताचा लागतो. मनोरा उभा करणारी क्रेन त्याहून जड. म्हणून ज्यांनी हे रस्ते कापले त्यांनी ते मुरूम दाबून, रुंद, सपाटून कापले. पाती एकदा चढली, क्रेन गेली, मागं उरला एक रिकामा, चांगला बांधलेला मातीचा रस्ता. त्यावर दिवसातून एखादी जीप जाते, देखभालीची. सायकलवाल्यासाठी याहून मोठं दान कोण देणार?

ही जागा काही मोकाट नाही मात्र. काही फाट्यांवर साखळी असते, चौकीत वॉचमन असतो. साखळी असेल तिथं विचारून जायचं, "नाही" म्हणाला तर मागं फिरायचं. मला आजवर दोनदा नाही म्हणालेत. एकदा तर नाही म्हणून चहा पाजला.

जमीन वाचायला शिका

पायातल्या ताकदीपेक्षा डोळा जास्त कामाला येतो. आमच्या डोंगरात चार प्रकारची जमीन चाकाखाली येते, आणि चारही वेगळ्या वागतात.

मुरूम म्हणजे झिजून कुजलेला काळा पत्थर, पिवळसर तांबूस. पाणी धरून ठेवत नाही, निचरा होतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोडी ओल असते तेव्हा तो दाबून बसतो आणि सायकल त्यावर डांबरासारखी पळते. तोच मुरूम मार्च-एप्रिलमध्ये सुटतो, वरचे खडे मोकळे होतात, आणि आपण गोट्यांवर चालवतोय असं वाटतं. म्हणून मी माझे कठीण रस्ते दिवाळी ते महाशिवरात्र एवढ्यात उरकते.

जांभा सड्यावर उघडा पडलेला असतो. लालसर, भोकाभोकाचा, मधमाशीच्या पोळ्यासारखा. कोरडा असताना पकड इतकी चांगली की चाक घसरणं माहीतच नाही. पण त्याच्या भोकांच्या कडा धारदार असतात आणि त्या टायरच्या तळाला कापत नाहीत, कापतात बाजूला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. ओला जांभा म्हणजे शेवाळ, आणि शेवाळावर ब्रेक लावला की थेट खाली. पावसाळ्यात सड्यावर सायकल नेऊच नका, असं मी सांगते. तरी भाचा गेला होता, हाताला सात टाके घेऊन आला.

काळी माती तुम्हाला सड्यावर नाही, खाली शेतांच्या पाणंदीत भेटेल. ओली असेल तर शंभर मीटरमध्ये चाक आणि फ्रेमच्या मधली फट भरून टाकते, चाक फिरायचं थांबतं. मग काठीने उकरत बसायचं आणि सायकल खांद्यावर. पावसानंतर चार दिवस कडक ऊन पडलेलं नसेल तर पाणंद टाळा.

आणि खडी. डांबर टाकण्याआधी रस्त्यावर अंथरलेली फोडलेली खडी, मुठीएवढी. ही सगळ्यात वाईट. तिच्यावर चालवायचं कसब माझ्याकडे नाही, कुणाकडे असलं तर मला शिकवा. मी उतरते आणि चालते.

सायकल आणि बाकी सामान

लाखाची सायकल लागत नाही. माझी जुनी हायब्रिड आहे, स्टीलची, पुढं २८-३८-४८ दात्यांच्या तीन चकत्या, मागं सर्वांत मोठी ३२ ची. पुढची लहान आणि मागची मोठी जोडली, तर पायडल मिनिटाला साठ वेळा फिरवून सायकल ताशी सात किलोमीटरने चढते. एवढं हळू चढता आलं पाहिजे. एक किलोमीटरमध्ये शंभर मीटर चढणारा कच्चा रस्ता यापेक्षा जोरात चढायला जाल तर पहिल्या दोन वळणांतच भाता फुटेल. विकत घेताना दुकानदाराला वरचा गिअर विचारू नका, खालचा विचारा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा जास्त असतील तर आमच्या घाटांसाठी ती सायकल नाही.

टायर ४० मिलिमीटरच्या खाली नको. मी ४२ चे वापरते, ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब नसलेले, आत पांढरं सीलंट, लहान भोकं आपोआप बुजवणारा चीक. हवा पुढं २८, मागं ३१ पीएसआय. हे आकडे माझ्या वजनाचे आहेत, तुमचे वेगळे. पस्तीस-छत्तीसपासून सुरू करा आणि त्याच रस्त्यावर दर वेळी दोन-दोनने कमी करत या. ज्या दिवशी दगडावर रिम "टक्क" वाजेल, त्या दिवशीच्या आकड्यात तीन मिळवा. तोच तुमचा आकडा. ट्यूब वापरत असाल तर पाच-सहा जास्त ठेवा, नाहीतर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटून साप चावल्यासारखी जोडभोकं पडतात. सीलंट आमच्या उन्हात तीन महिन्यांत वाळतं. टायर हलवून बघा, आत पाण्यासारखा आवाज आला पाहिजे.

टायरच्या बाबतीत मी एकदा पैसे वाचवले. नाव नको, पण एका दुकानात मला सांगितलं, "मॅडम, हा घ्या, हलका आहे, पळतो." पळाला. तिसऱ्या फेरीला चाळकेवाडीच्या पुढं, पवनचक्क्यांच्या तिसऱ्या ओळीपाशी, जांभ्याच्या एका कडेवरून मागचं चाक घसरलं आणि बाजूची भिंत अंगठ्याएवढी चिरली गेली. पांढरं सीलंट कारंज्यासारखं माझ्या पोटरीवर. एवढी चीर सीलंट भरत नाही, आत ट्यूब टाकली तर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते. म्हणजे आतून काहीतरी ठिगळ हवं.

मी ओआरएसचं पाकीट फोडलं, पावडर बाटलीत ओतली, आणि रिकामं पाकीट चौघडी करून चिरेच्या आतल्या बाजूला लावलं. त्या पाकिटाला आतून चंदेरी थर असतो, हाताने फाडायला गेलं तर फाटत नाही, म्हणून तर कडेला खाच देतात. ते जागेवर राहावं म्हणून वरून सर्जिकल टेपच्या दोन पट्ट्या. मग ट्यूब, आणि हवा फक्त बावीस-तेवीसपर्यंत, जास्त नाही. तेवढ्यात एक धनगर बाबा मेंढरं घेऊन आले, काठीवर हनुवटी टेकून सगळं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "दवाखान्यात काम करता व्हय?" म्हटलं, औषधाचं दुकान आहे. "तरीच. पट्टी बेस मारली." त्या ठिगळावर मी साताऱ्यापर्यंत आले. टायर दुसऱ्या दिवशी बदलला, जाड भिंतीचा घेतला, दोनशे ग्रॅम जड. हरकत नाही.

तेव्हापासून पिशवीत कायम: दोन ट्यूब, प्लगचं किट, हातपंप, चेनची जोडकडी, सर्जिकल टेप, ओआरएसची तीन पाकिटं, आणि मागचा गिअर जिथं फ्रेमला लटकतो तो हँगर. दोन बोटांएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा आहे, सायकल उजवीकडे पडली की हाच वाकतो, मुद्दामच मऊ केलेला असतो. आणि प्रत्येक सायकलचा वेगळा. गावाकडच्या दुकानात मिळण्याची आशा सोडा, सायकल घेतानाच एक जास्तीचा मागून घ्या.

चाळकेवाडी: एक बुधवार

बुधवार माझा वार. दुकानात मदतनीस बारापर्यंत बसतो. शनिवार-रविवारी ठोसेघरच्या रस्त्यावर गाड्या असतात, पावसाळ्यात धबधब्यामुळे आणि सप्टेंबरात फुलांमुळे तर विचारू नका. वाहन नसलेला रस्ता हवा असेल तर आधी वाहन नसलेला वार शोधा. जमत नसेल तर रविवारी पहाटे पाचला निघा आणि नऊच्या आत सड्यावर आत घुसा.

निघण्याआधी फ्रिजवर एक चिठ्ठी. कुठून, कुठपर्यंत, कुठल्या वाटेने परत, आणि किती वाजता फोन येईल. नवऱ्याला सांगून ठेवलंय, त्या वेळेनंतर एक तास वाट बघ, मग ११२ ला फोन कर. तोंडी सांगितलेलं तो विसरतो, फ्रिज विसरत नाही. सड्यावर रेंज असते-नसते, खाली दरीत नसतेच, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

पहाटे पाच. पुढं दिवा, मागं लाल दिवा, अंगात पातळ जाकीट. बोगद्यातून बाहेर पडलं की शहर संपतं. इथून ठोसेघर पंचवीस-एक किलोमीटर, सगळं डांबर. कच्च्याची गोष्ट सांगते आणि डांबरावरून नेते म्हणाल, पण आमच्याकडे वर जायला हाच मार्ग, आणि त्या वेळी एसटीसुद्धा झोपलेली असते. बोरणे घाटात पहिला खरा चढ. सुरुवातीलाच लहान गिअर टाका, दम लागल्यावर नाही. चढावर जोर देताना गिअर बदलला की चेन कडाडते आणि कधी तुटते. मी घाटात एक साधा नियम पाळते: तोंडातल्या तोंडात मनाचा श्लोक म्हणता आला पाहिजे. एक ओळ म्हणताना मध्ये श्वास तुटला तर वेग जास्त आहे. सज्जनगड जवळच आहे, त्यामुळे शोभतंही.

सातारा शहर साधारण सातशे मीटर उंचीवर, चाळकेवाडीचं पठार अकराशेच्या वर. आकड्यात फार वाटत नाही, पण मध्ये उतारही आहेत, ते पुन्हा चढावे लागतात. ठोसेघरला मी थांबते, एक केळं, दोन घोट पाणी. अजून भूक लागलेली नसते, म्हणूनच खायचं. भूक लागल्यावर खाल्लेलं पोटात जातं, पायात जात नाही. माझ्या खिशात राजगिऱ्याचे लाडू आणि गूळ-शेंगदाणे. पावडरी, जेल वगैरे माझ्याच दुकानात विकायला ठेवते, पण स्वतः खात नाही.

चाळकेवाडीला पोचेपर्यंत पावणेआठ. डिसेंबरात या वेळी सडा धुक्यात असतो आणि पवनचक्क्या दिसायच्या आधी ऐकू येतात. हुप्प, हुप्प, असा दमेकऱ्यासारखा आवाज. प्रत्येक मनोऱ्यावर नंबर रंगवलेला असतो. फाटा घेताना तो वाचून ठेवा, नुसता डोक्यात नको, फोनवर फोटो काढा. धुक्यात सगळे मनोरे जुळे भाऊ वाटतात आणि रस्ते सगळे सारखेच लाल. माझी पहिली खेप अशीच गेली, एकाच मनोऱ्याला तीनदा प्रदक्षिणा घातली.

आता डांबर सोडलं. हात ढिले करा. कच्च्यावर हँडल आवळून धरणारा माणूस तासाभरात खांद्याने मरतो. कोपर जरा वाकलेली, बोटं ब्रेकवर नुसती टेकलेली, नजर चाकापुढं नाही, दहा-पंधरा मीटर लांब. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल, हे गंमत म्हणून सांगत नाही. मोकळी जागा बघायची, दगड नाही.

चढ आला की सीटवरून उठू नका. डांबरावर उभं राहून मारता येतं, मुरमावर उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी फिरतं. सीटच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे, पाय गोल फिरू द्या, हिसका नको. चाक सटकलंच तर घाबरून जोर वाढवू नका, एक क्षण कमी करा, पकड परत येते. आणि उतरावं लागलं तर उतरा. तिसऱ्या ओळीच्या पुढं एक चढ आहे, माझ्या मीटरवर सोळा टक्के दाखवतो, तो मी सात वर्षांत चारदा पूर्ण सायकलवर चढले. बाकी वेळा पायी. तिथं गुरं राखणारी मुलं असतात, ती मोजतात.

उतार जास्त धोक्याचा. पायडल आडवे, दोन्ही पाय सारख्या उंचीवर, बूड सीटच्या किंचित वर आणि मागं. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक लावून वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. वळणात पुढचा ब्रेक आवळलात तर पुढचं चाक मुरमावरून निसटतं, आणि तेव्हा काही करायला वेळ नसतो. घाटाच्या वळणांना आतल्या बाजूला सुटा मुरूम गोळा झालेला असतो, जीपच्या चाकांनी फेकलेला. बाहेरची बाजू स्वच्छ दिसते, पण बाहेर दरी. म्हणून मधली, चाकोरीची पट्टी. तीच धरा.

मागं फिरण्याचा नियम माझा ठरलेला आहे: अर्धं पाणी संपलं किंवा नऊ वाजले, जे आधी होईल ते. पुढं कितीही सुंदर दिसो. मी तीन लिटर नेते, दोन बाटल्या आणि पाठीवर एक पिशवी, कारण सड्यावर पाणी नाही आणि सावली तर नाहीच. जांभ्यावर माती वीतभर, झाड उगवायला जागा नाही. वाड्यांमध्ये हापसा असतो, तिथं भरता येतं, पण तो चालू असेल यावर हिशेब मांडू नका.

वारा आणि ढग

ज्या डोंगरावर पवनचक्क्या लावल्यात तिथं वारा असणार, हे सांगायला नको. पण तो कुठून येतोय हे सांगायला त्याच पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करते. फिरत्या चक्कीचं तोंड जिकडे, वारा तिकडून. बंद पडलेली बघू नका, ती कालच्या वाऱ्याकडे तोंड करून बसलेली असू शकते. हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे वारा बहुधा पूर्वेकडचा, बेताचा. दुपार झाली की समुद्राकडचा येतो, फेब्रुवारीनंतर तर जोरात. सकाळी पश्चिमेकडे जाऊन उशिरा परत आलं तर दोन्हीकडून वारा पाठीला. उलटं केलंत तर दोन्हीकडून तोंडावर, आणि असा दिवस मी काढलाय. ताशी नऊ किलोमीटरने उतारावर पायडल मारत होते.

ऑक्टोबरात आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी वळवाचे ढग चढतात. फुलकोबीसारखा पांढरा ढग खालून काळा पडायला लागला की सड्यावरून खाली. तिथं पवनचक्कीनंतर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. मनोऱ्याच्या पायथ्याला आडोसा घेऊ नका, वीज तिथंच येते. खोलगट भागात, सायकलपासून लांब, उकिडवं बसायचं.

कुत्री, गुरं आणि सडा

मेंढपाळांची कुत्री राखणीची असतात, त्यांचं काम आहे ते. पळालात तर ती मागं लागणारच, आणि चढावर तुम्ही त्यांच्यापेक्षा हळू आहात. उतरा, सायकल मध्ये धरा, आणि कुत्र्याशी नाही, मालकाशी मोठ्याने बोला. "ओ दादा, कुत्रं बघा की!" आवाज ऐकून मालक हाक मारतो आणि कुत्रं गुरगुरत बसतं. गुरांचा कळप आला तर डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या नाही. पश्चिमेकडच्या जंगलाच्या कडेला पहाटे गवा दिसतो. मी एकदाच पाहिला, रस्त्याच्या मधोमध, पाठ फिरवून उभा. वीस मिनिटं थांबले, आवाज केला नाही, तो गेल्यावर गेले.

त्या बाजूला एक मर्यादा पाळायची. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही, कच्चा रस्ता कितीही बोलवत असला तरी.

आणि सड्यावर चाकोरी सोडून सायकल घालू नका. हे मी सगळ्यात कडक सांगते. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, तिथं बरीच वर्षं कुंपण होतं, लोकांना कळतं. चाळकेवाडीला कुंपण नाही, म्हणून लोकांना तो माळ वाटतो. पावसाळ्यात त्याच जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात वायतुरा उगवतो. इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा तुरा, साताऱ्याच्याच नावाची वनस्पती. उन्हाळ्यात तो खळगा नुसता वाळलेला चिखल दिसतो, पण कंद खाली असतो. ऑक्टोबरात रस्त्यावर डबकं आलं की आपण कडेने सड्यावरून वळसा घालतो, मागून येणारा त्याच खुणेवरून जातो, आणि वर्षभरात तिथं नवीन रस्ता होतो. डबक्यातून जा. खोली कळत नसेल तर उतरून, बूट भिजवून. बूट वाळतात.

हे जमलं की पुढं काय? सडावाघापूरचं पठार आहे, तारळे-पाटणच्या बाजूने, चढ जास्त उभा. कासहून बामणोलीला शिवसागरापर्यंत, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयापर्यंत, उतरता येतं. उतार मजेचा आहे, फक्त तो परत चढायचाय हे विसरू नका. आणि कासहून महाबळेश्वरकडे डोंगराच्या कण्यावरून जाणारा जुना राजमार्ग. तो एका दिवसात, एकट्याने, पहिल्या वर्षी नको. मी तो दोन वेळा अर्ध्यातून सोडलाय, दोन्ही वेळा पाण्यासाठी. आधी वरच्या वाडीतल्या माणसाला रस्ता कसा आहे ते विचारा. मला एका आजोबांनी थांबवून सांगितलं होतं, "ताई, हितनं फुडं जाऊ नगा, पावसानं वाट खाल्लीया." नकाशावर तिथं सरळ रेघ होती.

परतीच्या वाटेवर घाई असते आणि पाय थकलेले असतात, बहुतेक जण इथंच पडतात. बोरणे घाट उतरताना मी एकदा थांबतेच, हात झटकते, ब्रेक बघते. समोर खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. वेळ जमली आणि मदतनिसाला फोन करून एकपर्यंत बसायला सांगता आलं, तर सज्जनगडावर दुपारचा प्रसाद. पायऱ्या आहेत, पाय ओरडतात, पण प्रसाद गरम असतो.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकल. पाण्याचा जोरदार फवारा नको, तो बेअरिंगमध्ये माती ढकलतो. ओल्या फडक्याने चेन पुसायची, लाल धूळ निघेपर्यंत, मग तेलाचे थेंब कडीकडीवर. मग दोन्ही टायर हळूहळू फिरवत बाजूच्या भिंतीवरून अंगठा. काप नखात अडकतो, डोळ्याला दिसत नाही. गेल्या बुधवारी मागच्या टायरवर एक सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्यावर खडूने गोल केलाय आणि खाली तारीख टाकलीय.